डहाणू-तलासरीचा किनारा आणि कॅमेरा : एका पाहण्याचा इतिहास

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा समुद्रकिनारा दक्षिणेस चिंचणीपासून सुरू होतो आणि वरोर, वाढवण, धाकटी डहाणू, डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे ओलांडत गुजरातच्या सीमेवरील झाईपाशी संपतो. यातील बहुतेक किनारा डहाणू तालुक्यात मोडतो. तलासरीच्या वाट्याला झाईचा लहानसा पट्टा आला असून तालुक्याचा उरलेला भाग डोंगरपायथ्याचा आणि वारली पाड्यांचा आहे. मंद उताराची वाळू, तिच्या कडेने सुरूची झाडी, तिच्यामागे चिकूच्या वाड्या आणि पूर्वेला सह्याद्रीच्या उपरांगा असा हा मुलूख आज पर्यटनाच्या छायाचित्रांमुळे परिचित झाला आहे. मात्र छायाचित्रणकला मुंबईत रुजून दीडशेहून अधिक वर्षे लोटली असताना, शहरापासून रेल्वेने काही तासांवर असलेल्या या किनाऱ्यावरचे रोजचे जीवन कॅमेऱ्यासमोर उशिरा आणि तुटक स्वरूपात आले. असे का झाले, आणि जे चित्रित झाले त्यात काय सुटले, हा प्रश्न केवळ कलेच्या इतिहासाचा नाही. ज्या किनाऱ्याचे रूप येत्या काही दशकांत मोठ्या प्रमाणावर बदलणार आहे, त्याच्या स्मृतीचाही हा प्रश्न आहे.

या किनाऱ्याचे कॅमेऱ्यापूर्वीचे चित्रण सत्तेच्या गरजेतून झालेले आढळते. सोळाव्या शतकात डहाणू पोर्तुगिजांच्या अमलाखाली आले आणि चिमाजी अप्पांच्या उत्तर कोकणातील मोहिमेत, १७३९ मध्ये, मराठ्यांकडे गेले. पोर्तुगीज काळात अंतोनियु बुकारु याने १६३५ मध्ये पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांचा एक ग्रंथ सिद्ध केला आणि त्यात पेद्रु बार्रेतु द रेझेंद याने काढलेली ठाण्यांची चित्रे घातली. त्यांत तारापूर आणि डहाणू यांचाही समावेश होता. अशा चित्रांत तटबंदी, खाडीचे मुख आणि तोफांच्या जागा महत्त्वाच्या असत. कोळीवाडा, मिठागर किंवा शेत यांना स्थान मिळाले तर तेवढ्यापुरतेच. इंग्रजी अमलात १८८२ मध्ये जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने, म्हणजे सरकारी माहितीकोशाने, या प्रदेशातील जाती-जमाती, बंदरे, मासेमारी आणि जंगल यांची तपशीलवार नोंद केली. ती नोंद शब्दांत आणि आकड्यांत होती. जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्यास किती होड्या आहेत हे हवे होते. त्या होड्यांवरचा माणूस कसा दिसतो हे त्याच्या कामाचे नव्हते.

मुंबईत छायाचित्रणाला संस्थात्मक रूप आले ते त्याआधी. युरोपात १८३९ मध्ये जाहीर झालेली ही विद्या पुढच्याच दशकात हिंदुस्थानात पोचली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेतही १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचे शिक्षण दिले जाऊ लागले. नवी विद्या आत्मसात करणाऱ्या या पिढीने कॅमेरा घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांकडे वळवला, शहरातील इमारतींकडे वळवला आणि शहरात वावरणाऱ्या माणसांकडेही वळवला. डहाणूच्या दिशेने जाण्याचे तिला तसे कारण नव्हते, कारण त्या काळी छायाचित्राचा विषय होण्यासाठी स्थळाच्या पाठीशी प्राचीन अवशेष किंवा प्रसिद्ध देखावा असावा लागे. वाळूवर सुकणारी मासळी हा विषय ठरू शकतो, हे पाहणाऱ्याच्या मनात यायला अजून अवकाश होता.

याला तंत्राचीही अडचण होती. १८५१ नंतर प्रचलित झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरून ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे, आणि काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश देऊन, लगेच अंधाऱ्या तंबूत उघडून पक्की करावी लागे. उष्ण हवेत हा सारा अवधी काही मिनिटांचा असे. काच धुण्यासाठी गोडे पाणी लागे, कारण समुद्राच्या पाण्यातील मिठाचा चांदीच्या क्षाराशी संयोग होऊन काच खराब होते. म्हणजे समोर अथांग समुद्र असताना छायाचित्रकाराला पाण्याची पिंपे गाडीतून आणावी लागली असती. शिवाय वाऱ्याने उडणारी वाळू चिकट काचेवर बसली की चित्र वाया जाई, आणि प्रकाश देण्यास काही सेकंद लागत असल्याने लाटा धुक्यासारख्या पसरून उमटत, डुलणारी होडी पुसट होई आणि माणसाला श्वास रोखून उभे राहावे लागे. काम करणारा माणूस स्थिर नसतो. त्यामुळे या पद्धतीत श्रमाचे चित्र घ्यायचे, तर श्रम थांबवून त्याचा आविर्भाव घ्यावा लागे. किनाऱ्यावरील जीवनाच्या चित्रणात पुढेही दीर्घकाळ दिसणारा कृत्रिमपणा काही अंशी या तांत्रिक मर्यादेतून आला आहे.

सुरत आणि मुंबई यांना जोडणारा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाला आणि हा किनारा शहराच्या आवाक्यात आला. याच काळात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातीजमातींचा चित्रसंग्रह १८६३ आणि १८६६ अशा दोन खंडांत प्रसिद्ध केला. या संग्रहाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. माणसांचे समूह एका ठिकाणी, नियंत्रित प्रकाशात चित्रित केले जात. मग त्यांच्या आकृती कापून वेगळ्या घेतलेल्या देखाव्याच्या चित्रावर जोडल्या जात, आणि त्या जोडचित्राची प्रत काढली जाई. पायाखालची जमीन आणि मागचे घर माणसाचे स्वतःचे असेलच, याची त्यात हमी नव्हती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने हिंदुस्थानातील लोकांविषयीचा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला, तेव्हा माणसाला त्याच्या जातीचा नमुना म्हणून पाहण्याची हीच दृष्टी राज्यकारभाराची पद्धत बनली. उत्तर कोकणचा मांगेला मच्छीमार, वारली किंवा धोडिया आदिवासी अशा दृष्टीसमोर आला तरी तो नावाने येत नसे, गावाने येत नसे आणि त्याच्या हातातील साधनाचा उपयोग चित्रातून कळत नसे.

विसाव्या शतकात कॅमेरा हलका व स्वस्त झाला. कोरड्या काचा, मग गुंडाळीची फिल्म आणि १९०० पासून मिळू लागलेला ब्राउनी हा पेटीसारखा कॅमेरा यांमुळे छायाचित्रण हौशी माणसाच्या हाती आले. स्वातंत्र्यानंतर आग्फा क्लिक ३ सारखे कॅमेरे मध्यमवर्गीय घरांत पोचले आणि उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची इंदू ही फिल्मही बाजारात आली. एका गुंडाळीत बाराच चित्रे निघत असल्याने ती जपून वापरली जात, आणि अशा मोजक्या चित्रांत लग्न, मुंज, सहल यांना पहिला मान मिळे. १९२० मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेल्या शाळेमुळे बोर्डी हे शिक्षणाचे केंद्र झाले. इराणी आणि पारशी कुटुंबांच्या वाड्यांमुळे घोलवड-डहाणूत मुंबईकरांची ये-जा वाढली. शाळेचा वर्ग ओळीत बसवून घेतलेले छायाचित्र, वाडीतील कुटुंब, किनाऱ्यावरील घोडागाडी असे विषय या काळाचे होते. शहरी हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धांत समुद्र हा आवडीचा विषय असला, तरी तेथे महत्त्व रचनेला होते : शीड, ढग आणि त्यांचे पाण्यातील प्रतिबिंब. होडी कोणाची आणि ती कोणत्या जाळ्यावर चालली होती, याची नोंद चित्राच्या मागे सहसा आढळत नाही.

डोंगरपायथ्याच्या माणसाकडे कॅमेरा वेगळ्या नजरेने वळला तो १९४५ मध्ये. तत्कालीन उंबरगाव आणि डहाणू तालुक्यांतील वारली शेतकरी व मजूर जमीनदारांच्या वेठीखाली, म्हणजे सक्तीच्या बिनमोल कामाखाली दबलेले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, अशी लग्नगड्याची पद्धतही तेथे रूढ होती. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. गोदावरीबाईंनी या लढ्याची हकीगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली, ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बंगालच्या दुष्काळाच्या चित्रांमुळे ओळखले गेलेले सुनील जाना हे तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या पत्राचे छायाचित्रकार होते आणि ठाणे जिल्ह्यातील वारल्यांची छायाचित्रे त्यांनी या काळात घेतली. जाना यांच्या चित्रणपद्धतीत माणूस पुष्कळदा खालच्या कोनातून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो आणि त्याचा चेहरा स्पष्ट असतो. जमातीचा नमुना ते हक्क मागणारा माणूस, असा हा पालट होता. तथापि या चित्रणाचा केंद्रबिंदू लढा असल्याने किनारा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. जाळे विणणारी मांगेला वस्ती आणि शेती करणारा वारली पाडा एकाच प्रदेशाचे दोन भाग आहेत, हे त्यातून दिसत नाही.

ते दिसते कॅमेऱ्याविना काढलेल्या चित्रांत. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग पुरवले आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे जगापुढे आली. म्हसे यांचा जन्म १९३४ मधला, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र छायाचित्रणाच्या अभ्यासकानेही पाहावे असे आहे. जाळ्याचा पसारा सगळ्या पटावर बारीक रेघांनी विणत नेलेला असतो, एकेक पेड वेगळा मोजता यावा इतका, आणि त्या पसाऱ्याच्या मानाने माणूस अगदी लहान असतो. चित्रात क्षितिज नाही, जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा भेद नाही, एकच क्षण पकडण्याचा आग्रह नाही. जाळे टाकणे, ओढणे आणि मासा अडकणे ही सारी कामे एकाच वेळी चाललेली दिसतात. भिंगातून पाहिलेल्या चित्रात एक डोळा एका जागी उभा राहतो. म्हसे यांच्या चित्रात काम करणाऱ्याचे ज्ञान उभे राहते, आणि म्हणून या प्रदेशाच्या दैनंदिन जीवनाचे अधिक पूर्ण चित्रण बराच काळ छायाचित्रापेक्षा या रेघांनी केले, असे म्हणणे योग्य ठरते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये झाली, तेव्हा जुना उंबरगाव तालुका विभागला गेला. उंबरगाव आणि त्याचा किनारा गुजरातेत गेला, तर महाराष्ट्रात राहिलेल्या भागातून तलासरी तालुका घडला. मासेमारीच्या दृष्टीने समुद्रावर ही रेघ नव्हती, पण नोंदी ठेवणारी कार्यालये वेगळी झाली. त्यानंतर या किनाऱ्याकडे राज्याचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष वळले ते पर्यावरणाच्या प्रश्नामुळे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला. डहाणूच्या खाडीलगत पाचशे मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. अधिसूचनेच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेचे अर्जदार बिट्टू सहगल हे वन्यजीव व निसर्गाला वाहिलेल्या आणि छायाचित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका नियतकालिकाचे संपादक होते, ही बाब येथे अर्थपूर्ण आहे. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्याच वर्षअखेरीस निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. अशा वादांत किनारा पूर्वी कसा होता हे सांगण्याची वेळ येते, आणि तेव्हा तारीख व ठिकाण नोंदलेले साधे छायाचित्र शेकडो मनोहर देखाव्यांपेक्षा उपयोगी ठरते.

मनोहर देखाव्यांची संख्या मात्र याच काळात वाढत गेली. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटहून निघणारी उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत धावू लागली, घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बोर्डीत चिकू महोत्सव भरू लागला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याने प्रत्येक पाहुण्याला छायाचित्रकार केले. या चित्रांचा ठरलेला विषय म्हणजे सूर्यास्त. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने मावळत्या सूर्याकडे कॅमेरा धरला की समोरची माणसे काळ्या आकृती होतात. वाळूवर बसलेले जोडपे आणि जाळे आवरणारा मच्छीमार यांत फरक उरत नाही. उलट सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूने, वाड्यांच्या मागून चढतो आणि किनाऱ्यावरच्या कामावर समोरून प्रकाश पडतो, तेव्हा चेहरे, हात आणि मासळीचे रंग स्पष्ट दिसतात. त्या वेळी पाहुणा सहसा किनाऱ्यावर नसतो.

किनाऱ्याचे कामही सूर्यापेक्षा समुद्राच्या वेळापत्रकाने चालते. मुंबईच्या उत्तरेस खंभातच्या आखाताकडे जावे तसा भरती आणि ओहोटी यांतील पाण्याचा फरक वाढत जातो, आणि उतार मंद असल्याने ओहोटीला पाणी खूप दूर जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येथे भर दुपारी आणि मध्यरात्री उधाण असते, तर सकाळ-संध्याकाळ ओहोटीची असते. पुढे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी उशिरा येत राहते, आणि अष्टमीच्या आसपास हे गणित उलटते. म्हणून मावळतीच्या छायाचित्रात वाळू किती उघडी पडली आहे, यावरून ते कोणत्या तिथीच्या जवळपास घेतले असावे याचा अंदाज जाणकार मच्छीमार करू शकतो. पिशवीच्या आकाराचे डोल जाळे प्रवाहात बांधून ठेवायचे असते, त्यामुळे ते लावणे आणि उचलणे पाण्याच्या ओढीवर ठरते. ठरावीक घटकेला येणाऱ्या कॅमेऱ्याला हे काम कधी दिसते, कधी दिसत नाही.

डोल जाळ्यात येणाऱ्या बोंबलाची पुढची कहाणी किनाऱ्यावर घडते आणि ती मुख्यत्वे स्त्रियांची आहे. मांगेला घरांतील बायका मासळी निवडतात, धुतात आणि बोंबील दोन-दोन घेऊन त्यांचे जबडे एकमेकांत अडकवतात; अशी जोडी बांबूंना ताणून बांधलेल्या दोरीवर टाकली की दोन्ही बाजूंना एकेक मासा लोंबतो, आणि वारा व ऊन लागून तो काही दिवसांत कडक होतो. जवळा खाली पसरून सुकवतात. मग दव, ढग, कावळे आणि कुत्रे यांच्यावर नजर ठेवणे आले, सुकलेला माल पाटीतून बाजारात नेणे आले. दोऱ्यांवर रांगेने लोंबणारे बोंबील छायाचित्राला फार सुंदर आकृतिबंध देतात, म्हणून त्यांची चित्रे पुष्कळ निघतात. पण जबडे अडकवणारी बोटे, त्या बोटांना पडलेल्या चिरा आणि सावलीच्या आडोशाला झोपवलेले मूल चौकटीत येते तेव्हाच त्या आकृतिबंधामागचे श्रम कळतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा होड्या शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्त होतात आणि पुरुषांची कामे घराच्या ओट्यावर येतात. पर्यटक पाठ फिरवतात त्या या दोन महिन्यांचे चित्रण सर्वांत विरळ आहे.

आता चित्रणाची सूत्रे बदलत आहेत. होडीवरचा तरुण स्वतःच्या मोबाइलवर उधाणाचे, जाळ्यात आलेल्या मासळीचे आणि नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होडीचे चित्रण करतो. वारली पाड्यावरची मुले तारपा नाच बाहेरच्यांसाठी उभे न राहता स्वतः टिपतात. दीडशे वर्षांत प्रथमच पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच गावचा आहे, आणि ही घटना ओल्या काचेकडून फिल्मकडे झालेल्या संक्रमणापेक्षाही मोठी आहे. या चित्रांचे दुर्दैव इतकेच, की ती मोबाइल बदलताना हरवतात, एकमेकांना पाठवताना त्यांची तारीख-ठिकाणे गळून पडतात आणि दहा वर्षांनी त्यांतील होडी कोणत्या बंदरातील हे सांगणारा सापडत नाही.

वाढवण येथील नियोजित बंदरामुळे या हानीला वेगळे गांभीर्य आले आहे. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तेथील बंदराचा प्रस्ताव अमान्य केला होता. २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला सशर्त मान्यता मिळाली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालण्याची ही योजना आहे. स्थानिक मच्छीमारांचा तिला दीर्घकाळ विरोध राहिला आहे, तर समर्थक रोजगार आणि व्यापाराचा हवाला देतात. या वादाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागला, तरी भराव होण्यापूर्वीचे खडक, ओहोटीला त्यांवर कालवे काढणाऱ्या स्त्रिया, होड्या लावण्याच्या जागा आणि जाळी टाकण्याची पारंपरिक ठिकाणे यांची नोंद होणे हे इतिहासाचे कर्तव्य आहे, कारण नुकसानभरपाईपासून गावाच्या आत्मभानापर्यंत पुढचे अनेक प्रश्न याच नोंदींवर उभे राहणार आहेत.

या किनाऱ्याचे छायाचित्रण आजवर तुकड्यांत झाले : एकोणिसाव्या शतकाने माणूस त्याच्या जागेवरून उचलून पाहिला, १९४५ ने माणसाला चेहरा दिला पण समुद्र बाहेर ठेवला, आणि पर्यटनाने समुद्र घेतला पण माणसाची सावली केली. हे तुकडे जोडण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. चित्राखाली व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव, गाव, तारीख, तिथी, चाललेले काम आणि वापरलेले जाळे एवढी माहिती लिहिली, आणि अशी चित्रे बोर्डी, डहाणू, झाई येथील शाळांत, ग्रामपंचायतींत व मच्छीमार सहकारी संस्थांत जपून ठेवली, तर पुढच्या अभ्यासकाला उत्तर कोकणाचा इतिहास परक्या गॅझेटियरमधून शोधावा लागणार नाही. ही नोंद करण्यास सर्वांत योग्य माणसे किनाऱ्यावरच राहतात, त्यांच्या हातात आज कॅमेराही आहे. त्यांना हवी आहे ती नोंद ठेवण्याची शिस्त आणि ती जपणारी संस्था, आणि ती उभी करण्याची जबाबदारी या प्रदेशावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाची आहे.